अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा हौशी अंदाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की कोकणातून, मुंबईतून, गोव्यातून तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. मी हवामान विभागात काम करत नाही. समुद्रावर काय शिजतंय ते नकाशांवर बघत राहण्याची मला आवड आहे आणि ही आवड आणखी लोकांना लागावी असं मनापासून वाटतं. मात्र वादळ प्रत्यक्ष समुद्रात असेल तेव्हा हे पान मिटा आणि भारतीय हवामान विभागाचं ताजं पत्रक वाचा.

हवामानशास्त्राची पदवी नसताना चक्रीवादळाचा अंदाज करता येतो का?

येतो, आणि या कामाची सुरुवातच मुळी अशा माणसांनी केली आहे. हेन्री पिडिंग्टन हा जहाजावरचा कप्तान. नंतर तो कलकत्त्यात स्थायिक झाला आणि बंदरात येणाऱ्या जहाजांच्या रोजनिशा गोळा करू लागला. कुठल्या जहाजाला किती वाजता, कुठून, किती जोराचा वारा लागला हे एकत्र मांडून तो गेलेल्या वादळांचे मार्ग काढायचा. इंग्रज सरकारने मातला नदीवर नवं बंदर बांधायचं ठरवलं, तेव्हा १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरल डलहौसीला लिहून कळवलं की ही जागा वादळाच्या लाटेत वाहून जाईल. बंदर तरीही बांधलं गेलं. १८६७ च्या वादळाने ते मोडून टाकलं. तोवर पिडिंग्टन हयात नव्हता.

त्याला ज्या नोंदींसाठी महिनोन्महिने थांबावं लागायचं, त्याहून कितीतरी जास्त माहिती आज तुमच्या फोनवर अर्ध्या तासाने ताजी होते. पण एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. पुढच्या चोवीस तासांत वादळाचा मध्य कुठे असेल, हे हवामान विभागापेक्षा जास्त अचूक सांगणं हौशी माणसाला जमणार नाही. त्यांच्याकडे आपल्याकडची सगळी माहिती असते, शिवाय रडार, बॉया (समुद्रात तरंगत राहून मोजमाप करणारी यंत्रं) आणि जहाजांच्या नोंदी असतात. आपला उपयोग दुसरीकडे आहे. दिल्लीहून आलेल्या पत्रकातली ओळ आपल्या खाडीसाठी, आपल्या वाडीसाठी काय सांगते, ते आपल्याला कळू शकतं. दक्षिणेचा वारा लागला की कुठल्या रस्त्यावर झाडं पडतात आणि उधाणाला कुठल्या घरांत पाणी शिरतं, हे पत्रक लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

वर्षातून कधी लक्ष ठेवायचं?

एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत आणि मग ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला तरी चक्रीवादळं क्वचितच होतात. त्या दिवसांत खालच्या थरात नैऋत्येकडून जोराचा वारा असतो आणि चौदा-पंधरा कि.मी. उंचीवर पूर्वेकडून तेवढाच जोराचा. ढगांचा उभा मनोरा या दोन वाऱ्यांच्या कात्रीत सापडून तिरका होतो.

अपवाद आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कच्छच्या जमिनीवरचं डीप डिप्रेशन (चक्रीवादळाच्या एक पायरी आधीचा कमी दाबाचा भोवरा) समुद्रात उतरलं आणि ३० ऑगस्टला त्याचं 'असना' चक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये असं १९७६ नंतर प्रथमच घडलं. बंगालच्या उपसागराकडेही पाठ फिरवू नका. २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस 'गुलाब' आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं, त्याच्या अवशेषाने मराठवाड्याला झोडपलं, पुढे तेच अरबी समुद्रात उतरून 'शाहीन' झालं आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर गेलं.

वादळ होणार की नाही हे ओळखायला आधी काय बघायचं?

पुस्तकात पहिली अट असते ती पाण्याच्या तापमानाची: २६.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त, आणि तेही पृष्ठभागाखाली पन्नासेक मीटरपर्यंत. मे महिन्यात आपला समुद्र तीस अंशांच्या आसपास असतो. म्हणजे ही अट बहुतेक वेळा पुरी झालेलीच असते आणि 'समुद्र तापलाय, वादळ येणार' हे वाक्य दरवर्षी मे महिन्यात खरं वाटू शकतं. त्यावर थांबू नका.

मी नकाशा उघडला की आधी विंड शिअर बघते. सुमारे दीड कि.मी. उंचीवरचा (नकाशावर ही उंची तिथल्या हवेच्या दाबाने लिहितात: ८५० हेक्टोपास्कल) वारा आणि बारा कि.मी. उंचीवरचा (२०० हेक्टोपास्कल) वारा यांच्यातला फरक म्हणजे शिअर. तो पंधरा नॉटच्या (ताशी सुमारे २८ कि.मी.) खाली असेल तर वादळाला मोकळीक मिळते. पंचवीसच्या वर गेला की जन्मलेलं वादळसुद्धा धडपडतं. मग बघायची मधल्या थरातली ओल. अरबी समुद्राच्या उत्तरेला आणि पश्चिमेला वाळवंट आहे, तिथली कोरडी हवा वादळाच्या पोटात शिरली की ढग विरघळायला लागतात. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये 'महा' वादळ भर समुद्रात अतितीव्र झालं, वळून गुजरातकडे निघालं आणि दीवजवळ पोहोचेपर्यंत त्याचं डिप्रेशन उरलं होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे मॅडन-ज्युलियन आंदोलन, ज्याला सगळे एमजेओ म्हणतात. विषुववृत्ताच्या पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणारी ही ढगाळ हवेची लाट एक फेरी साधारण तीस ते साठ दिवसांत पुरी करते. ती दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे हिंदी महासागरावर असते, तेव्हा आपल्याकडे वादळ जन्मण्याची शक्यता वाढते. दोन आठवडे आधी काही अंदाज बांधायचा असेल तर मॉडेलच्या चित्रापेक्षा हिच्यावर जास्त भरवसा ठेवावा.

चौथी गोष्ट म्हणजे बीज. आधी कुठेतरी कमी दाबाचं क्षेत्र हवं, आणि ते विषुववृत्तापासून निदान पाच अंश दूर हवं, कारण त्याच्या आत पृथ्वीच्या फिरण्याने हवेला मिळणारा पीळ फार दुबळा असतो. जूनमध्ये हे बीज बहुधा मान्सूनबरोबरच येतं. मान्सूनचा वारा केरळाकडे झेपावताना त्याच्या उत्तरेच्या कडेला भोवरा तयार होतो. 'वायू' (२०१९), 'निसर्ग' (२०२०) आणि 'बिपरजॉय' (२०२३) ही तिन्ही मान्सूनच्या आगमनाच्या दिवसांतली.

हे सगळं स्वतः तपासून झालं की हवामान विभागाचं दर गुरुवारी निघणारं दोन आठवड्यांचं पत्रक उघडा. त्यात वादळ होण्याची शक्यता आठवड्यागणिक दिलेली असते, आणि एमजेओ, शिअर, तापमान यांची चर्चा असते. आपण काढलेला निष्कर्ष आणि त्यांचा निष्कर्ष यांतला फरक कशामुळे पडला ते शोधणं, हाच शिकण्याचा सगळ्यात चांगला मार्ग आहे.

विंडीवर दहा दिवसांनी मुंबईवर मोठं वादळ दिसतंय. खरं आहे का?

बहुधा नाही. हा प्रश्न दर मे महिन्यात सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगते.

विंडी, नलस्कूल वगैरे हवामानाच्या संकेतस्थळांवर दिसणारं चित्र ही निरनिराळ्या मॉडेलांची गणितं असतात. त्यांतली दोन तुम्हाला सारखी भेटतील: अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपीय केंद्राचं ईसीएमडब्ल्यूएफ. मॉडेल आत्ताच्या हवेच्या नोंदींवरून पुढची हवा गणिताने काढतं. समुद्रावर नोंदी विरळ असतात, त्यामुळे सुरुवातीलाच बारीक चूक राहते आणि ती दिवसागणिक फुगत जाते. सहा-सात दिवसांपलीकडे एका गणिताने दाखवलेल्या वादळाच्या जागेला अर्थ उरत नाही. त्यातून जीएफएसला मान्सूनपूर्व दिवसांत आपल्या दोन्ही समुद्रांत नसलेली वादळं उठवायची खोड आहे.

म्हणून एका गणिताचं चित्र बघू नका, समूह बघा. याला एन्सेम्बल म्हणतात. युरोपीय केंद्र सुरुवातीच्या नोंदींत मुद्दाम बारीक फरक करून पन्नास वेगळी गणितं चालवतं. पन्नासांपैकी चार गणितांत वादळ असेल तर फक्त लक्ष ठेवायचं. तीस-पस्तीस गणितांत असेल, सगळी एकाच भागात जमत असतील आणि सलग तीन-चार वेळा असंच दिसलं, तर ते गांभीर्याने घ्यायचं.

'सलग' हा भाग महत्त्वाचा. मॉडेलं जागतिक वेळेनुसार ०० आणि १२ वाजताच्या, काही ०६ आणि १८ च्याही नोंदींवर चालतात. आपली घड्याळं साडेपाच तास पुढे असल्याने ०० म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. त्या नोंदींवरचं जीएफएस सकाळी नऊच्या सुमारास दिसायला लागतं, युरोपीय मॉडेल दुपारी साडेअकरा-बाराला. चित्र कुठल्या वेळेच्या नोंदींवरचं आहे हे कोपऱ्यात लिहिलेलं असतं. फिरत आलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तो कोपरा कापलेला असला तर त्या चित्रावर वेळ घालवू नका.

मग कुठलं मॉडेल सगळ्यात चांगलं?

सरासरीत मार्गाच्या बाबतीत युरोपीय मॉडेल पुढे असतं. पण सरासरी तुमच्या पुढ्यातल्या वादळाला लागू होईलच असं नाही. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉयचे सुरुवातीचे मार्ग ओमानपासून गुजरातपर्यंत पसरले होते. त्या वेळी 'माझं आवडतं मॉडेल ओमान म्हणतंय' असं सांगण्यात अर्थ नव्हता. 'अजून ठरत नाही' हाच त्या दिवशीचा खरा अंदाज होता. ते वादळ नऊ-दहा दिवस समुद्रात रेंगाळलं आणि १५ जूनला कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ जमिनीवर आलं.

वादळाला दिशा कोण देतं? ते अचानक वळतं कसं?

वादळ स्वतःहून फारसं चालत नाही. भोवतालच्या हवेचा प्रवाह त्याला वाहून नेतो. दुबळं असेल तर खालच्या थरातला वारा, प्रबळ असेल तर पार दहा कि.मी. उंचीपर्यंतच्या वाऱ्याची सरासरी. त्यामुळे वादळाकडे टक लावून बसण्यापेक्षा त्याच्या आजूबाजूला जास्त दाबाचे प्रदेश कुठे आहेत ते शोधा. ५०० हेक्टोपास्कलचा, म्हणजे साडेपाच-सहा कि.मी. उंचीवरचा नकाशा त्यासाठी चांगला. उत्तरेला अरबस्तानावर जास्त दाब घट्ट बसला असेल तर वादळ पश्चिमेला ओमान-येमेनकडे जातं. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांची खोलगट लाट पाकिस्तानवर उतरली की वादळ तिच्या पुढे ओढलं जाऊन ईशान्येला, म्हणजे आपल्याकडे किंवा गुजरातकडे वळतं.

दोन प्रवाहांच्या मधोमध सापडलेल्या वादळाचा अंदाज सगळ्यात अवघड. २०१९ च्या जूनमध्ये 'वायू' वेरावळच्या आसपास येणार म्हणून गुजरातेत सुमारे तीन लाख लोक हलवले, आणि ऐन वेळी ते किनाऱ्याला समांतर सरकत पश्चिमेला गेलं. 'वेधशाळा चुकली' असं तेव्हा बरेच जण म्हणाले. मला ते मान्य नाही. वादळ किनाऱ्यापासून शंभर-दीडशे कि.मी.वर असताना लोक हलवणं हाच योग्य निर्णय होता, आणि तो पुढेही तसाच घ्यावा लागेल.

सॅटेलाइटचं चित्र कसं वाचायचं?

याला वेळ द्या. मॉडेल उद्याचं सांगतं. आत्ता काय आहे ते चित्रातच दिसतं.

आपल्या इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस या उपग्रहांची चित्रं हवामान विभागाच्या संकेतस्थळावर आणि इस्रोच्या अहमदाबाद केंद्राच्या मोसडॅकवर मोफत मिळतात. दिवसा दृश्य प्रकाशातलं चित्र बघा, रात्री इन्फ्रारेड. इन्फ्रारेडमध्ये ढगाच्या माथ्याचं तापमान कळतं: माथा जितका थंड तितका ढग उंच.

नवख्या माणसाची नजर सगळ्यात मोठ्या, सगळ्यात पांढऱ्या गोळ्यावर जाते आणि तोच मध्य वाटतो. तसं असेलच असं नाही. सकाळी उन्हं वर आल्यावर दृश्य चित्रांची मालिका लावा आणि खालचे बारीक, करडे ढग कुठल्या बिंदूभोवती फिरतायत ते शोधा. तो खरा मध्य. तो पांढऱ्या गोळ्याच्या बाहेर उघडा पडला असेल तर शिअर जास्त आहे आणि वादळ अडचणीत आहे.

तीव्रता चित्रावरून ठरवण्याची पद्धत व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बसवली. अजूनही जगभर तीच वापरतात, हवामान विभागही. तिच्यात चित्राला टी-क्रमांक देतात. ढगांच्या वक्र पट्ट्याने मध्याभोवती सुमारे अर्धा वेढा घातला की टी २.५, म्हणजे चक्रीवादळाची पायरी. पूर्ण वेढा घातला की साधारण ३.५, म्हणजे तीव्र चक्रीवादळ. डोळा दिसू लागतो तो बहुधा ४ च्या पुढे. तुम्ही आधी स्वतः क्रमांक काढा, कागदावर लिहा आणि मगच पत्रकात दिलेला क्रमांक बघा. पहिल्या हंगामात फरक पडेल. दुसऱ्या हंगामात नजर तयार झालेली असेल.

ध्रुवीय उपग्रहांची मायक्रोवेव्ह चित्रं मिळाली तर सोडू नका. वरचा झिरझिरीत ढग भेदून आतली रचना त्यांत दिसते. मध्याभोवती पावसाचं बंद कडं तयार झालेलं दिसलं, शिअर कमी असला आणि पाणी खोलवर गरम असलं, तर वादळ एका दिवसात झपाट्याने वाढू शकतं.

एकाच वादळाच्या वाऱ्याचे आकडे ठिकठिकाणी वेगळे का असतात?

मोजायची रीत वेगळी म्हणून. हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी देतो. हवाई बेटांवरून काम करणारं अमेरिकी नौदल आणि हवाई दलाचं वादळ-इशारा केंद्र जेटीडब्ल्यूसी एका मिनिटाची देतं, त्यामुळे त्यांचा आकडा सहसा मोठा. वाहिन्या झोताचा, म्हणजे क्षणिक झपाट्याचा आकडा उचलतात, तो आणखी मोठा. शिवाय कुणी नॉट देतं, कुणी कि.मी.; एक नॉट म्हणजे ताशी १.८५ कि.मी. तुलना करायची तर एकाच संस्थेच्या कालच्या आणि आजच्या आकड्यांची करा.

हवामान विभागाच्या पायऱ्या ताशी कि.मी.मध्ये अशा: ३१ पासून डिप्रेशन, ५० पासून डीप डिप्रेशन, ६२ पासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, त्यापुढची पायरी १६७ च्या आसपास सुरू होते आणि २२२ ला महाचक्रीवादळ. नाव ६२ च्या पायरीला मिळतं, तेरा देशांनी २०२० मध्ये दिलेल्या १६९ नावांच्या यादीतून. त्या यादीतलं पहिलं नाव निसर्ग.

मार्गाच्या नकाशावर पुढे रुंदावत जाणारा शंकू म्हणजे वादळाचा आकार का?

नाही, आणि या गैरसमजाने माणसं धोक्यात येतात. वादळाचा *मध्य* कुठे असू शकेल त्याचा तो पट्टा आहे. चोवीस तासांचा अंदाज सरासरीने सत्तर-ऐंशी कि.मी. चुकतो, ४८ आणि ७२ तासांचा त्याहून बराच जास्त, म्हणून शंकू पुढे रुंदावतो. वारा, पाऊस, लाटा शंकूच्या बाहेरही पोहोचतात.

निसर्गचं उदाहरण घ्या. १ जून २०२० ला अंदाज होता की वादळ ३ जूनला हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान येईल. हा पट्टा अडीचशे कि.मी.हून लांब. सगळ्यांचं लक्ष मुंबईवर लागलं. ३ तारखेच्या दुपारी वादळ आलं ते पट्ट्याच्या दक्षिण टोकाकडे, श्रीवर्धन-दिवेआगरला. अंदाज चुकला नव्हता, ते ठिकाण पट्ट्यातच होतं. पण दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, श्रीवर्धन-म्हसळ्यात घरांवरची छपरं उडाली, खाडीपलीकडे मंडणगड-दापोलीलाही जबर तडाखा बसला. पुढे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या हाताला वारा जास्त असतो, कारण वादळाची स्वतःची गती वाऱ्यात मिळते. ईशान्येकडे निघालेल्या निसर्गच्या उजव्या हाताला मंडणगड-दापोली होते. 'मुंबई वाचली' या बातमीखाली ही गावं बरेच दिवस झाकली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

'तौक्ते' तर मुंबईवर आलंच नाही. १७ मे २०२१ ला ते मुंबईच्या पश्चिमेला सुमारे दीडशे कि.मी.वरून उत्तरेला गेलं आणि रात्री सौराष्ट्रात उतरलं. तरी कुलाब्याला ताशी ११४ कि.मी.चा झोत नोंदला गेला, सांताक्रूझला २३० मि.मी. पाऊस पडला आणि बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडून कित्येक कामगार गेले.

घरच्या घरी काय मोजता येईल?

हवेचा दाब. पुष्कळ फोनमध्ये दाबमापक असतो, नसेल तर साधा बॅरोमीटर चालतो. पण आपल्या पट्ट्यात दाब रोज ठरलेल्या वेळी वर-खाली होतो: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास कमी, आणि हा फरक तीन-चार मिलीबारचा (म्हणजेच हेक्टोपास्कलचा) असू शकतो. दुपारी दाब उतरलेला बघून घाबरायचं कारण नाही. कालच्या *याच वेळेच्या* आकड्याशी ताडून बघा. तो फरक तीन-चार मिलीबारचा असेल आणि पुढच्या तासांत वाढत असेल, तर काहीतरी जवळ येतंय. फोन वरच्या मजल्यावर नेला तरी दाब कमी दिसतो, म्हणून मोजायची जागा एकच ठेवा.

वाऱ्याची दिशा. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलात तर कमी दाबाचा मध्य तुमच्या डाव्या हाताला, थोडा पुढे असतो. जूनमध्ये किनाऱ्यावर पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा वारा अपेक्षित असतो. तो पूर्वेकडून वाहू लागला आणि वाढत गेला, तर वादळ दक्षिणेला आहे. पुढे तो आग्नेय, दक्षिण असा फिरत गेला तर वादळ तुमच्या पश्चिमेकडून वर सरकतंय. दिशा न बदलता नुसता जोर वाढत असेल आणि दाब कोसळत असेल, तर मध्य तुमच्याकडेच येतोय. सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि खाडीच्या तोंडाशी डोंगर वारा वळवतात. मोकळ्या किनाऱ्यावर पाहिलेलंच धरा, आणि सकाळचा मतलई वारा वेगळा ओळखायला शिका.

लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्राचे इशारे बघा. वादळ शेकडो कि.मी. दूर असताना आकाश निरभ्र असतं आणि लांब पल्ल्याच्या लाटा मात्र किनाऱ्याला लागलेल्या असतात. बिपरजॉय कच्छला पोहोचण्याच्या तीन दिवस आधी, १२ जूनला, जुहूच्या समुद्रात मुलं बुडाली.

मुंबईत १८८२ मध्ये एक लाख माणसं वादळाने मेली, हे खरं का?

नाही. ६ जून १८८२ च्या 'ग्रेट बॉम्बे सायक्लोन'ची ही गोष्ट कित्येक याद्यांमध्ये छापली गेली आहे. मुंबईच्या वादळ-धोक्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा तिला कसलाही आधार सापडला नाही. कुलाब्याची वेधशाळा तेव्हा चालू होती आणि शहरात वर्तमानपत्रं निघत होती. एवढी मोठी गोष्ट नोंदीविना राहिली नसती.

अरबी समुद्रात वादळं वाढली आहेत का?

हो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२–२००० च्या तुलनेत २००१–२०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. २०१९ या एकाच वर्षात पाच झाली. यातली बरीचशी ओमान, येमेन, सोमालियाकडे जातात, म्हणून आपल्या लक्षात राहत नाहीत.

मी माझा अंदाज लोकांना सांगू का? कायदा आड येतो का?

हवेचा अंदाज करायला आणि सांगायला बंदी नाही. चेन्नईत प्रदीप जॉन 'तमिळनाडू वेदरमन' म्हणून वर्षानुवर्षं लिहितात आणि लाखो लोक वाचतात. पण आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ प्रमाणे आपत्तीबद्दल खोटा इशारा देऊन घबराट पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. 'इशारा' देण्याचं काम हवामान विभागाचं. तुम्ही माहिती द्या, आणि ती कशावरून काढली ते सांगा.

लिहिताना तारीख आणि वेळ घाला. हा समाजमाध्यमांवरचा सगळ्यात मोठा दोष आहे: तीन दिवसांपूर्वीचा मजकूर आजचा म्हणून फिरतो. शक्यता आकड्यात सांगा. 'वादळ येणार' ऐवजी 'पुढच्या सात दिवसांत दक्षिण-पूर्व अरबी समुद्रात डिप्रेशन होण्याची शक्यता मला दहात सहा वाटते, मार्ग ठरलेला नाही' असं लिहा. शेवटी अधिकृत पत्रकाचा पत्ता द्या. आणि एखाद्या वादळाच्या जागी काहीच झालं नाही, तर तेही तितक्याच ठळकपणे लिहा.

माझा अंदाज हवामान विभागाशी जुळत नसेल तर?

लोकांसमोर त्यांचा द्या, वहीत तुमचा लिहा. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये 'फायलीन' ओडिशाकडे येत असताना परदेशातून बरेच जण म्हणत होते की हे महाचक्रीवादळ आहे, भारतीय विभाग कमी सांगतोय. विभाग आपल्या ताशी २००–२२० कि.मी.च्या आकड्यावर ठाम राहिला आणि १२ ऑक्टोबरला गोपाळपूरजवळ आलेलं वादळ त्याच टप्प्यातलं होतं. दोन संस्था दोन गोष्टी सांगतात तेव्हा ऐकणारा माणूस आपल्याला सोयीची ती निवडतो. घर सोडायचं की नाही हे ठरवणाऱ्या माणसासमोर अशी निवड ठेवू नये.

ओळखीचे नाखवा फोन करून विचारतात, 'उद्या बोट काढू का?' काय सांगू?

बंदरावर बावटा लागला असेल किंवा विभागाने मच्छीमारांना मनाई केली असेल, तर 'नको' एवढंच. त्यावर चर्चा करू नका. तीन नंबरचा, म्हणजे नुसत्या सावधगिरीचा बावटा असला तरी 'किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊन येतो' याला होकार देऊ नका.

बावटा नसतानाही काही वेळा 'थांबा' म्हणावं लागतं. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस श्रीलंकेजवळ तयार झालेलं डिप्रेशन सुमारे एका दिवसात कन्याकुमारीजवळ 'ओखी' चक्रीवादळ झालं. खोल समुद्रात गेलेल्या बोटी आठवडा-आठवडा परतत नाहीत. इशारा निघाला तेव्हा केरळ-तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार कुठल्याही संपर्काच्या पलीकडे होते. त्यांतले कितीतरी परतले नाहीत. ६८ बोटींमधले ९५२ जण वाऱ्या-लाटांतून सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागले, आणि तिथल्या लोकांनी त्यांना सांभाळलं. म्हणून विचारणाऱ्याला आधी उलट विचारा: किती दिवसांसाठी जाताय, किती दूर, बोटीवर वायरलेस किंवा उपग्रहावरून संदेश घेणारं यंत्र आहे का? संध्याकाळी परतणाऱ्याला उद्याची हवा पुरते. आठ दिवसांसाठी जाणाऱ्याला गुरुवारच्या पत्रकातला पुढचा आठवडा वाचून दाखवा, आणि त्यात अरबी समुद्रासाठी मध्यम शक्यता जरी लिहिली असेल तरी खोल समुद्रात जाऊ नका म्हणून सांगा. एक फेरी बुडाल्याचं नुकसान मोठं असतं, ते ऐकून घ्या, आणि तरीही सांगा.

शिकायला सुरुवात कुठून करू?

येऊन गेलेल्या वादळापासून. प्रत्येक वादळानंतर हवामान विभाग सविस्तर अहवाल प्रसिद्ध करतो: दर तीन तासांची जागा, टी-क्रमांक, शिअर, किनाऱ्यावरच्या ठाण्यांचे दाब-वारे, आणि स्वतःचे अंदाज किती कि.मी. चुकले त्याचा तक्ता. निसर्गचा अहवाल घ्या. १ जूनपर्यंतची पानं वाचा, तिथे थांबा, ३ जूनला वादळ कुठे असेल ते नकाशावर पेन्सिलीने काढा, मग पुढची पानं उलटा. त्यानंतर वायू आणि मग ओखी. या तीन अहवालांत वळणारं वादळ, न आलेलं वादळ आणि अंगावर आलेलं वादळ अशा तिन्ही तऱ्हा बघायला मिळतात.